शीर जोडली, मग करंगळी मुकी कामून?

हे प्रकरण लिहायचं लई दिवसापासून डोक्यात होतं. पेशंटला विचारूनच लिहितोय, नाव-गाव मात्र घालणार नाही. मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला फिजिओथेरपी करतो, आमच्याकडं कंबर, मान, गुडघा हेच जास्त, पण दरवर्षी साखर कारखाने आणि ऊसतोड सुरू झाली की हाताचे पेशंट वाढतात आणि त्यात कोयत्याचं लागलेलं ठरलेलंच असतं. त्यातलाच हा एक, पस्तिशीतला गडी, नवरा-बायको मिळून एक कोयता (बाहेरच्यांना सांगतो, मुकादमाच्या हिशेबात जोडी म्हणजे एक कोयता, त्याच्यावरच उचल मिळते), आणि लागलं ते डाव्या हाताला.

डिसेंबरचा शेवट, पहाटेचा अंधार, उसावर दव. डाव्या हातात ऊस धरून वाढं (उसाचा हिरवा शेंडा) छाटताना कोयता ओल्या उसावरून सटकला आणि मनगटाच्या वर साधारण चार सेंटिमीटरवर, करंगळीच्या बाजूला, तळहाताकडच्या अंगाला बसला. रक्त लई गेलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं रक्तवाहिनी बांधली, टाके घातले, आणि हाताच्या पाठीवर बोट टेकवून विचारलं की कळतंय का. कळतंय म्हणला. "मग शीर नाही तुटली, काळजी करू नका." झालं, घरी.

आता यात दोन घोळ झालेत. पहिला शब्दाचा. आपल्याकडं शीर म्हणजे रक्तवाहिनी पण शीर, हालचालीची दोरी म्हणजे टेंडन ती पण शीर, आणि नर्व्ह ती पण शीर, लई झालं तर नस. रक्त थांबलं की शीर वाचली असं पेशंटला वाटतं, आणि सांगणारा नेमकी कोणती शीर म्हणतोय ते कोणी विचारत नाही. दुसरा घोळ जास्त महत्त्वाचा. करंगळीच्या बाजूची जी अल्नार नर्व्ह आहे तिची हाताच्या पाठीला जाणारी फांदी मनगटाच्या पाच-सात सेंटिमीटर वरूनच फुटून निघून जाते. म्हणजे जखम चार सेंटिमीटरवर असेल तर मुख्य नस पूर्ण कापली तरी हाताच्या पाठीला स्पर्श कळतच राहणार. तपासायचं होतं करंगळीचं टोक, तळहाताच्या बाजूनं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी तिथं नव्हतो, रात्रपाळीत काय गडबड असंल ते मला माहीत नाही, त्यामुळं जास्त बोलत नाही, पण हे अर्धं मिनिट या माणसाला तीन आठवड्याला पडलं.

कळलं कसं तर बायकोमुळं. कोपीपुढं (ऊसतोडीवरची झोपडी) शेकोटी पेटवून हे हात शेकत बसलेले, आणि तिला कातडं जळल्यासारखा वास आला. बघती तर करंगळीच्या टोकाला टरटरून फोड आलेला आणि ह्याला पत्ताच नाही, मुकादमाबरोबर बोलणं चालू. दुसऱ्या दिवशी दोघं गावाकडं आले आणि माझ्याकडं.

मी पहिलं काय केलं तर कोमट पाण्याची बादली मागवली. धुणं धुऊन आलेल्या बाईची बोटं कशी सुरकुततात, ती सुरकुती पाण्यानं नाही, नसांमुळं पडती, नस तुटलेल्या बोटाला पडतच नाही. वीस मिनिटं हात बुडवून ठेवला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट मनुक्यासारखं झालं, अनामिकेची अर्धी बाजू सुरकुतली आणि अर्धी गुळगुळीत, करंगळी तर नुसती चकचकीत. बायको बघून गप्पच झाली. मग दोन्ही हाताच्या अंगठा-तर्जनीत कागद धरायला दिला आणि ओढला, डाव्या हाताचा अंगठा लगेच मधनं वाकला, कारण अंगठा सरळ दाबून धरणारा स्नायू या नसेवरच चालतो. करंगळी आणि अनामिका पंजासारख्या आकडायला लागल्या होत्या. अजून पुरावा काय पाहिजे, चिठ्ठी लिहून छत्रपती संभाजीनगरला हाताच्या सर्जनकडं पाठवलं.

ऑपरेशन जानेवारीच्या विशीत झालं. दोन्ही टोकं मागं सरकलेली, वरच्या टोकाला गाठ धरलेली, ती छाटून मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्यानं नसेचं वरचं आवरण शिवलं. तीन आठवडे मनगट थोडं वाकवून प्लास्टर, मग माझ्याकडं.

आणि आल्या आल्या प्रश्न: "डॉक्टर, शीर जोडली म्हणले, मग करंगळी अजून मुकीच कामून? मोटरीची वायर तुटली, जोडून टेप मारला की मोटर चालू होती का नाही?"

हा प्रश्न मला प्रत्येक नसवाला पेशंट विचारतो, आणि सगळं प्रकरण ह्याच्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नस म्हणजे वायर नाही. हजारो पेशींच्या शेपट्यांची मोळी आहे ती. पेशीचं मुख्य शरीर इथं हातात नसतंच, ते असतंय मानेच्या खालच्या भागात, मज्जारज्जूत किंवा त्याच्या शेजारच्या गाठीत, आणि तिथनं एक-एक शेपटी, जिला ॲक्सॉन म्हणतात, सलग करंगळीपर्यंत आलेली असते. पेशीचं शरीर मिलिमीटरच्या पन्नासाव्या-विसाव्या हिश्श्याएवढं आणि शेपटी पाऊण मीटरची. ती कापली की कापल्याच्या खालचा सगळा भाग मरतो, कारण त्याचं पोषण वरून यायचं ते थांबलं. ऑगस्टस वॉलर नावाच्या माणसानं १८५० मधी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे पहिल्यांदा नीट दाखवलं, आजही याला त्याच्याच नावानं ओळखतात. म्हणजे सर्जननी जोडलं ते काय? तर ठिबकची नळी फुटल्यावर कनेक्टर लावून जोडतो तसं बाहेरचं आवरण जोडलं, तोंडाला तोंड लावलं. आतला जिवंत दोर खालच्या नळीत उरलेलाच नाही. तो वरून नव्यानं वाढत यायचाय, कापल्या जागेपासून करंगळीच्या टोकापर्यंत, या माणसाच्या हातात मोजलं तर साडेअठरा सेंटिमीटर.

गडी म्हणला, वाढत म्हणजे वेलासारखं? म्हणलं अगदी तसंच, शेंड्यानं. कारल्याचा वेल कसा मांडवावर चढताना तणावा इकडं तिकडं फिरवून आधार चाचपतो तसं या ॲक्सॉनच्या टोकाला हाताच्या पंजासारखा एक भाग तयार होतो, बोटं पुढं काढतो, जागा आवडली तर पुढं, नाही आवडली तर मागं घेतो. हा पंजा सँतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञानं १८९० मधी कोंबडीच्या गर्भात बघितला आणि त्याला वाढीचा शंकू म्हणलं. मजा अशी की त्यानं तो मेलेल्या, रंग दिलेल्या तुकड्यात बघितला होता, म्हणजे फोटोतला माणूस बघून तो पळतोय असं ओळखायचं. जिवंत वाढताना दाखवला तो रॉस हॅरिसननं १९०७ मधी, बेडकाच्या गर्भाच्या मज्जारज्जूचा तुकडा गोठलेल्या लिंफच्या (अंगातल्या पातळ रसाच्या) थेंबात लटकवून, आणि तंतू खरंच डोळ्यादेखत लांब होताना दिसला.

आता खरी गंमत इथं आहे, लांब व्हायचं म्हणजे नुसतं ताणायचं नाही. प्रत्येक पेशीला बाहेरून एक पापुद्रा असतो, चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर, जाडी साधारण पाच नॅनोमीटर, म्हणजे दोन लाख पापुद्रे एकावर एक ठेवले तर एक मिलिमीटर होईल. हा पापुद्रा तीन-चार टक्क्याहून जास्त ताणला की फाटतो. मी हे समजावताना अडकलो होतो, तर त्याची बायकोच म्हणली, "म्हंजी ज्वारीच्या पिठावानी. गव्हाचं पीठ ताणलं की लांबतंय, ज्वारीचं तुटतंय." मी इतकी वर्षं हे शिकवतोय, यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलेलं नाही. भाकरी मोठी पाहिजे तर गोळाच मोठा घ्यावा लागतो. तसं ॲक्सॉन लांब व्हायचा तर नवीन पापुद्रा बनवून आणून तिथं घालावा लागतो, दुसरा रस्ता नाही.

किती लागतो? मी कॅलेंडरच्या पाठीमागं हिशेब करून दाखवला, तुम्हीपण करून बघा. नवीन वाढणारा ॲक्सॉन बारीक, धरा एक मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) जाडीचा, आणि दिवसाला एक मिलिमीटर वाढतोय. तर रोज साधारण ३,१०० चौरस मायक्रोमीटर नवा पापुद्रा लागतो. वीस मायक्रोमीटरच्या गोल पेशीचं सगळं कातडं मोजलं तर साडेबाराशेच्या आसपास भरतं. म्हणजे ती पेशी रोज स्वतःच्या अंगाच्या अडीचपट कातडं तयार करून शेपटीला लावायली. आणि हे एका ॲक्सॉनचं, असे हजारो.

हा माल येतो कसा तर बारीक बारीक फुग्यांतून. पेशीच्या शरीरात चरबी-प्रथिनांचे फुगे तयार होतात, शेपटीच्या आत मायक्रोट्यूब्यूल नावाचे रूळ टाकलेले असतात, त्याच्यावरून कायनेसिन नावाचे हमाल ते फुगे ओढत टोकाकडं नेतात. हे हमाल पळतात बरं का, दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर, म्हणजे मानेतून निघालेला माल दोन-चार दिवसात मनगटाला. तिथं फुगा टोकाच्या पापुद्र्याला चिकटतो आणि त्याच्यात मिसळून जातो, काळ्या रश्श्यावरचे तर्रीचे दोन थेंब जवळ आले की कसे एक होतात तसं. फरक एवढाच की इथं आपोआप होत नाही, स्नेअर नावाची प्रथिनं फुग्यावर आणि पापुद्र्यावर असतात, ती पँटच्या चेनसारखी एकमेकात अडकून दोघांना जवळ ओढतात. पेशीतल्या या फुग्यांच्या ने-आणीची यंत्रणा शोधली म्हणून रॉथमन, शेकमन आणि स्युडॉफ या तिघांना २०१३ चं नोबेल मिळालं. फुगा दीडशे नॅनोमीटरचा धरला तर आपल्या हिशेबानं एका ॲक्सॉनच्या टोकाला मिनिटाला तीस फुगे मिसळायला पाहिजेत, दर दोन सेकंदाला एक, रात्रंदिवस, तो झोपला तरी.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. सगळा माल वरूनच येत नाही. खाली जो भाग मेला त्याच्यावरच्या चरबीच्या वेष्टनाचा, मायलिनचा, कचरा सफाई करणाऱ्या पेशी खातात, आणि त्यातलं कोलेस्टेरॉल बांधून ठेवतात, मग नवा ॲक्सॉन आला की तेच त्याला आणि त्याच्या वेष्टनाला परत वापरायला मिळतं. पडक्या वाड्याचे दगड काढून त्याच जागी नवं घर बांधतो तसं. श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, नसेवर वेष्टन चढवणाऱ्या पेशी या) तोपर्यंत रिकाम्या नळीत एकामागं एक रांग लावून बसतात आणि वाढीचे घटक सोडून वाट दाखवतात. असे वाढीचे घटक असतात हे शोधल्याबद्दल रिटा लेवी-मोंटालचिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल. रांग सापडली नाही तर ॲक्सॉन तिथंच गुंता करून बसतो, ऑपरेशनात छाटलेली ती गाठ म्हणजे असाच गुंता.

माल जर रोज ३०० मिलिमीटरनं पळतोय तर वाढ एकच मिलिमीटर कशी, हे पण त्यानं विचारलं, गडी हुशार. कारण पापुद्र्याबरोबर आतला सांगाडा पण पाहिजे, रूळ पाहिजेत, आणि त्याचं सामान हळू येतं, दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या हिशेबानं.

इथं माझी चूक सांगतो. मी त्याला "रोज एक मिलिमीटर" सांगितलं आणि पठ्ठ्यानं ते शब्दशः धरलं, ऑपरेशनच्या दिवसापासून रोज भिंतीवर कोळशानं एक रेघ मारायला लागला. तीस रेघा झाल्या, म्हणजे तीन सेंटिमीटर पाहिजे, आणि हातात काहीच नाही. फोन करून चांगलाच चिडला. मी सुरुवातीचा वेळ सांगायचा विसरलो होतो. कापल्यावर ॲक्सॉनचं तोंड आधी बंद व्हावं लागतं, पेशीनं आपलं काम बदलून बांधकामाला लागावं लागतं, मग टाक्याची जागा ओलांडायची, यातच तीन-चार आठवडे जातात. "मग आधी कामून सांगितलं नाही?" बरोबर आहे त्याचं. आता मी प्रत्येकाला पहिला महिना वजा करून सांगतो.

मोजायचं कसं तर बोटानं टकटक. वाढतं टोक कच्चं असतं, त्याच्यावर मायलिन नसतं, तिथं कातडीवरून टिचकी मारली की करंगळीत झिणझिण्या जातात. होफमन आणि टिनेल, एक जर्मन एक फ्रेंच, पहिल्या महायुद्धात समोरासमोरच्या बाजूंचे, दोघांनी १९१५ मधी वेगवेगळं हेच लिहिलं. मी खालून वर टिचक्या मारत यायचो, जिथं "आली, मुंगी आली" म्हणला तिथं पेनानं खूण, आणि टाक्यापासून अंतर वहीत.

५ मार्चला दीड सेंटिमीटर. त्या दिवशी त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता, तोवर त्याला मी गोड बोलून फसवतोय असंच वाटत होतं. एप्रिलच्या मध्याला सव्वापाच, म्हणजे मनगटाची घडी ओलांडून तळहातात. जूनमधी करंगळीच्या मुळाच्या अलीकडं, आणि त्याच सुमारास करंगळी बाहेर फाकवणारा स्नायू बारीक फडफडायला लागला, हालचाल नाही, नुसती कातडीखाली उंदीर फिरल्यासारखी. जुलैच्या सुरुवातीला बोटाच्या मुळावर. सगळं सरासरी दिवसाला नऊ-साडेनऊ दशांश मिलिमीटर पडलं.

मधल्या काळात मी काय केलं तर खरं सांगू, नस वाढवायला काहीच नाही. माझं काम सांधे आखडू न देणं, म्हणून तारेचं आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराचं एक छोटं स्प्लिंट बनवलं, दोन बोटं मुळापाशी वाकवून ठेवणारं, म्हणजे पंजा आकडत नाही. चुलीपासून करंगळी लांब. तेलाची मालीश करणारा एक जण गावात भेटला होता, तो म्हणे नस मोकळी करतो. मी म्हणलं कर तेल, घाम येत नसल्यानं त्या बोटाची कातडी भेगाळती, तिला तेल बरंच आहे, पण फुगे काही तेलानं लवकर येत नसतात, आणि जखमेवर जोरात दाबू देऊ नको. ताकदीची सुई म्हणून बी-१२ चं इंजेक्शन पण घेऊन आला, रक्तात कमी असेल तर त्याचा उपयोग आहे, त्याचं तपासलं तर कमी नव्हतं.

घाई मात्र होती, आणि ती स्नायूची. नस नसलेला स्नायू वाट बघतो, पण कायमची नाही, बारा ते अठरा महिन्यात तो सुकून चरबी-दोरी होतो, मग नस पोचली तरी उपयोग नाही. याची जखम मनगटाजवळची म्हणून आम्ही वाचलो. हीच काखेत झाली असती तर हाताच्या पंजाला पोचेपर्यंत दोन वर्षं गेली असती. तीन आठवडे उशीर झाला त्याचा किती फरक पडला ते एका पेशंटवरून सांगता येत नाही, पण अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला खड्डा अजून पूर्ण भरलेला नाही.

पोळ्याच्या दिवशी फोन आला. बैलाच्या शिंगाला रंग देत होता, रंगाचा थंड ओघळ करंगळीवर आला आणि कळला. आनंदानं ओरडतच होता, पण मागून म्हणतो, "फक्त एक येडपट हाय, करंगळीला लागलं की अनामिकेला लागल्यावानी वाटतंय." हे होतं. हजारो ॲक्सॉन आपापली जुनी नळी बरोबर धरतीलच असं नाही, शेजारच्या नळीत शिरलेला करंगळीला पोचतो पण मेंदूकडं जुनाच पत्ता. मग पुढचे दोन महिने डोळे झाकून ज्वारी, तूर, खडा, कापूस असं बोटाला लावून ओळखायचा खेळ, बायको घरी रोज घ्यायची, आणि ती माझ्यापेक्षा कडक मास्तर निघाली.

सप्टेंबरमधी शेवटची खूण करंगळीच्या टोकाला केली. त्यानं विचारलं, "आता म्होरं कुठं वाढंल ती?" म्हणलं आता पुढं रानच संपलं, आता जाडी धरायची, वेष्टन चढवायचं, त्याला अजून वर्ष जाईल.

दसरा झाला, मुकादम दारात आला, अंगावरची उचल फिटलेली नव्हती, दोघं गेले. मी जड मोळी डाव्या हातावर घेऊ नको म्हणलं होतं, ते किती पाळलं देव जाणे. नोव्हेंबरमधी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. कोपीपुढं उकिडवा बसलेला, डाव्या अंगठा आणि तर्जनीत कारखान्याच्या वजनकाट्याची पावती धरलेली आणि बायको ती ओढायली. अंगठा वाकलाच, पण जरा वेळानं. पावती निसटली, पण लगेच नाही निसटली.